चढावर ई-सायकल बंद पडते, घरी आल्यावर पुन्हा तीन कांड्या दाखवते

तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते. 'सपाटीला झकास पळते, चढ आला की बंद. दोन मिनिटं थांबलो की परत चालू. डिस्प्लेवर तर तीन कांड्या आहेत, मग बॅटरी संपली कशी?' नाशकातली जागा तेवढी बदलते. कुणाची रामवाडी पुलावरून घारपुरे घाटाने अशोकस्तंभाकडे चढताना मरते, कुणाची पंचवटीत मालेगाव स्टँडच्या चढाला. कुणी त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या पुढे हाताने ढकलत असतं. नाशकात ही तक्रार जास्त, कारण गोदावरीचं पात्र खाली आणि दोन्ही काठांना वस्ती वर. जुनं गाव तर नऊ टेकांवर वसल्याचं सांगतात. इथे नदी ओलांडायची म्हणजे उतरायचं आणि लगेच चढायचं.

दुकानात नेली की पहिलं उत्तर तयार असतं: 'बॅटरी गेली, नवीन टाका.' कधी ते खरंही असतं. पण बॅटरी हा सायकलचा सगळ्यात महागडा भाग आहे. तो बदलण्याआधी एक साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, आणि अर्धा-पाऊण तास खर्च करावा असं माझं ठाम मत आहे. चढावरची ही बंद पडण्याची खोड पुष्कळदा बॅटरीच्या सेलमध्ये नसते. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतच्या, म्हणजे मोटरला वीज किती सोडायची ते ठरवणाऱ्या डबीपर्यंतच्या, दोन वितीच्या वायरीत असते.

खाली जे लिहिलं आहे ते ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी आणि मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर असलेल्या सायकलीसाठी आहे. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक ई-सायकली याच प्रकारच्या. ४८ व्होल्टची असेल तर आकडे बदलतील, तर्क तोच राहील.

चढ मोटरकडून काय मागतो

स्वार ७५ किलोचा, सायकल आणि पिशवी मिळून २५, एकूण १०० किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने जायला हवेचा रोध आणि टायरचं घर्षण मिळून साधारण १२० वॅट लागतात. त्यातले निम्मे तुमचे पाय देतात. म्हणजे मोटर आरामात असते आणि बॅटरीतून दोन-तीन अँपिअर निघतात.

आता १०० मीटरला ५ मीटर चढणारा रस्ता घ्या. तोच वेग ठेवायचा तर नुसतं वजन वर उचलायला आणखी २७० वॅट लागतात. एकूण ३९० च्या आसपास. पाय थोडे जास्त देतील, बाकीचा भार मोटरवर. त्यात हब मोटरचं चाक हळू फिरायला लागलं की तिची कार्यक्षमता घसरते, आणि दिलेल्या विजेचा मोठा भाग फिरवण्याऐवजी गरम होण्यात जातो. कंट्रोलर मग त्याच्या मर्यादेपर्यंत करंट सोडतो. ती मर्यादा या वर्गातल्या सायकलीत बहुधा १४-१५ अँपिअर असते. सपाटीच्या पाचपट-सहापट. सायकलीत जिथे जिथे थोडासा कच्चेपणा आहे, तो इथे उघडा पडतो. सपाटीवर त्याचा पत्ताही लागत नाही.

तोच चढ ताशी १२ ने चढा. सगळं मिळून २१० वॅटमध्ये काम होतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तीन कांड्या खोटं का बोलतात

३६ व्होल्टच्या बॅटरीत सेलचे १० गट एकामागोमाग जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाला की प्रत्येक गट ४.२ व्होल्टवर, म्हणजे एकूण ४२. वापरत गेलं की उतरत जातं. ३६ ला साधारण एक-तृतीयांश ऊर्जा उरलेली असते, ३४ च्या खाली गेलं की समजा आटोपलंच. कंट्रोलर बहुधा ३० ते ३१ व्होल्टच्या दरम्यान मोटर बंद करतो, म्हणजे सेल खोलवर रिकामे होऊन कायमचे खराब होऊ नयेत.

डिस्प्लेवरच्या कांड्या या व्होल्टेजवरूनच काढलेल्या असतात. बॅटरीत ऊर्जा किती शिल्लक आहे ते मोजणारं वेगळं यंत्र साध्या सायकलीत नसतं. आणि व्होल्टेज करंटप्रमाणे हलतं. बॅटरीला स्वतःचा एक आतला रोध असतो. चांगल्या, नव्या बॅटरीतून १५ अँपिअर खेचले तर दीड-दोन व्होल्ट उतरतात. चार-पाच वर्षं वापरलेल्या, उन्हात तापलेल्या बॅटरीत हा रोध वाढून ०.३ ओहमपर्यंत गेला असेल, तर १५ गुणिले ०.३, साडेचार व्होल्ट उतरतात. उभी असताना ३६ दाखवणारी बॅटरी चढावर साडेएकतीसवर येते. त्यात एखाद्या सैल पिनेने आणखी एक व्होल्ट खाल्ला की कंट्रोलरने मोटर तोडली. मोटर तुटली की करंट शून्य, करंट शून्य की व्होल्टेज परत ३६, कांड्या परत तीन.

सोसायटीत सकाळी सगळे नळ एकदम उघडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते. टाकीत पाणी असतंच, ते पोचत नाही. इथेही तेच. प्रश्न एवढाच, की अडथळा टाकीत आहे की पाइपात.

आधी कशी बंद पडते ते नीट बघा

मीटर काढण्याआधी सायकलवर बसून निम्मं निदान होतं. त्यासाठी निरोगी सायकल कशी चालते ते माहीत हवं. स्वस्त सायकलीत पेडलच्या आसाजवळ चुंबकाची चकती आणि एक सेन्सर असतो. त्याला पेडल फिरतंय एवढंच कळतं, तुम्ही किती जोर लावताय ते कळत नाही. म्हणून अर्धं पेडल फिरेपर्यंत काहीच होत नाही, मग पाठीत कुणीतरी हात घातल्यासारखा ढकला येतो. पेडल थांबवलं की ढकला क्षणभर उशिरा जातो. महागड्या सायकलीत जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असतो. तिथे ढकला येत नाही, आपलेच पाय तरुण झाल्यासारखे वाटतात. ताशी २५ ला मोटर गप्प होते आणि सायकल अचानक जड लागते. तो बिघाड नाही, नियम आहे. मोटरची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॅटच्या आत आणि मदत २५ च्या वेगाला बंद, तोवर ती कायद्याने मोटार वाहन ठरत नाही आणि नोंदणी, लायसन लागत नाही.

आता बिघाडाकडे. चढावर जोर हळूहळू ओसरत गेला, डिस्प्ले चालूच राहिला, कांड्या झरझर खाली येऊन एक लुकलुकायला लागली आणि मग मोटर गेली, तर कंट्रोलरला व्होल्टेज कमी पडतंय. बॅटरी खरंच उतरली आहे, म्हातारी झाली आहे किंवा वाटेत रोध आहे.

डिस्प्लेसकट सगळंच एका क्षणात अंधारलं, तर विजेचा रस्ताच तुटला. दोन शक्यता: बॅटरीच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे सेलची राखण करणाऱ्या सर्किटने, हात वर केले, किंवा एखादी पिन हादऱ्याने सुटली. यातला फरक सोपा आहे. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर अंधारते आणि पुढच्या हादऱ्याला आपोआप उजळते, ती पिन. थांबून, बटण दाबून किंवा घरी चार्जरला लावल्यावरच जिवंत होते, ते बीएमएस. काही बीएमएस एकदा कमी व्होल्टेजला तुटले की चार्जर लागेपर्यंत उघडतच नाहीत. 'रस्त्यात मेलेली, घरी चार्जर लावला आणि मिनिटात चालू झाली' या चमत्काराचं कारण हेच. त्या एका मिनिटात चार्ज काहीच झालेला नसतो.

डिस्प्ले चालू, कांड्या भरलेल्या, पण मोटर धक्के देत अडखळते आणि चाकातून खर्रखर्र येते, तर बॅटरीकडे बघायचंच नाही. मोटरच्या वायरीकडे बघा, त्यावर पुढे लिहिलं आहे. आणि डिस्प्ले चालू, मोटर एकदम गप्प, आवाजही नाही, असं असेल तर ब्रेकच्या मुठीपासून सुरुवात करा.

पिना आणि जोड: इथेच वेळ घालवा

खालच्या नळीवर बसणारी काढती बॅटरी असेल तर ती ज्या खाचेत बसते तिथे दोन किंवा चार धातूच्या पात्या असतात. सगळा करंट त्या पात्यांतून जातो. बॅटरी रोज काढ-घाल केली की त्यांची पकड ढिली होते. आपल्या रस्त्यांवर बॅटरी खाचेत किंचित हलत राहते, प्रत्येक हालचालीला बारीक ठिणगी पडते आणि पाती काळी होत जाते. काळा थर म्हणजे रोध. हा रोध ०.१ ओहम जरी झाला तरी १५ अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच गळतो, आणि त्या टीचभर जागेत बावीस वॅटहून जास्त उष्णता तयार होते. सोल्डरिंगच्या छोट्या इस्त्रीएवढी. प्लास्टिक पिवळं पडणं, वितळणं, जळका वास, हे सगळं त्यातून येतं.

तपासणी अशी. एखादा चढ नेटाने चढून या, सायकल बंद करा, बॅटरी काढा आणि पात्यांच्या आजूबाजूचं प्लास्टिक बोटाच्या मागच्या बाजूने बघा. कोमट ठीक. चटका बसण्याइतकं गरम असेल तर चोर सापडला. मग कंट्रोलरपर्यंतचा प्रत्येक जोड असाच बघत जा. कंट्रोलर बहुतेक वेळा बॅटरीच्या खाचेच्या बुडात किंवा सीटच्या नळीजवळच्या डबीत असतो. लाल आणि काळ्या जाड वायरींचा जोड तिथेच सापडेल. पिवळ्या प्लास्टिकचा कनेक्टर असेल तर त्याची टोकं कवचात मागे सरकली नाहीत ना ते बघा. हिरवट पूड दिसली तर पाणी शिरलं आहे.

साफ करायला इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि जुना टूथब्रश पुरे. पॉलिश पेपरने घासू नका. वरचा मुलामा निघतो आणि चार महिन्यांत पाती पहिल्यापेक्षा जास्त काळी होते. पूर्ण कोरडं झाल्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. ढिल्या पात्या बारीक चिमट्याने किंचित जवळ आणता येतात, पण बॅटरी बाजूला ठेवूनच. बॅटरीच्या बाजूच्या दोन टोकांना चिमटा किंवा पाना एकदम लागला तर जी ठिणगी पडते ती जन्मभर लक्षात राहते. वितळलेला जोड मात्र साफ करून चालत नाही, तो बदलायचाच. वस्तू काही रुपयांची आहे, सोल्डर नीट करणारा माणूस शोधणं हेच खरं काम. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशकात असे हात पुष्कळ आहेत. मोटर वाइंडिंग किंवा इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात विचारा.

बॅटरी खाचेत हलत असेल तर तिच्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी द्या. फुकटचा उपाय आहे, आणि निम्म्या 'खड्ड्यात बंद पडते' तक्रारी यानेच जातात असा माझा अनुभव.

मीटर लावून

रात्रभर चार्ज करा. चार्जर काढून तासाभराने बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. ४१.५ ते ४२ आलं तर चार्जर आणि बॅटरी निदान वरवर ठीक. ४०.५ किंवा त्याहून कमी आलं आणि चार्जरवर मात्र हिरवा दिवा, तर मामला बॅटरीच्या आत आहे, पुढचा भाग वाचा.

मग भाराखालचं व्होल्टेज. काही डिस्प्लेत सेटिंगमध्ये जाऊन कांड्यांच्या जागी व्होल्टचा आकडा आणता येतो. तसं असेल तर काम सोपं. बॅटरी पूर्ण भरलेली असताना चढावर जा, आकडा किती पडतो ते बघा. दोन-अडीच व्होल्ट पडणं स्वाभाविक. चार-पाच पडत असतील तर कुठेतरी मोठा रोध आहे. डिस्प्लेला दिसतं ते कंट्रोलरपर्यंत पोचलेलं व्होल्टेज, हे ध्यानात घ्या. बॅटरी आणि वाटेतले जोड, दोघांचा तोटा त्यात एकत्र आहे.

तो वेगळा करायला मल्टिमीटर लागतो. मागचं चाक उचलून मोटर रिकामी फिरवून काही कळत नाही, कारण रिकामं चाक एक-दोन अँपिअरच घेतं. 'स्टँडवर तर मस्त फिरतंय' या परीक्षेवर विसंबून दुकानदार सायकल परत देतात आणि ती संध्याकाळी पुन्हा बंद पडते. भार हवाच. सोबतीला कुणाला घ्या, पुढचा ब्रेक दाबून चाकं भिंतीला लावा आणि थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता मोटर पळवणारी मूठ, अगदी थोडी, दोन सेकंद पिळा. त्याहून जास्त नाही, अडकलेली मोटर फार लवकर तापते. ब्रेक दाबला की मोटर तुटते अशी सोय सायकलीत असेल तर ब्रेक न लावता सोबत्याला समोरून हँडल धरून रोखायला सांगा. त्या दोन सेकंदांत एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा कंट्रोलरच्या जोडावर मोजा. बॅटरीपाशी ३९ आणि कंट्रोलरपाशी ३६ असेल तर तीन व्होल्ट वाटेत गेले, बॅटरी निर्दोष. दोन्हीकडे ३६ असेल तर वायरी निर्दोष.

थ्रॉटल नसलेल्या सायकलीत हे जमत नाही. तिथे मीटरच्या वायरी कंट्रोलरच्या जोडावर पक्क्या बांधून, मीटर हँडलला चिकटपट्टीने लावून मोकळ्या रस्त्यावर चढ चढा आणि आकडा सोबत्याला वाचू द्या. आकड्याकडे बघत सायकल चालवायला आपला गंगापूर रोड ही जागा नव्हे.

दहातला एक अशक्त गट

ही सगळ्यात फसवी अवस्था. दहा गटांपैकी नऊ ३.६ व्होल्टवर आहेत, एक म्हातारा होऊन ३.२ वर. बेरीज ३५.६, डिस्प्ले दोन-तीन कांड्या दाखवतो. चढावर भार आला की नऊ गट थोडे उतरतात, तो एक धाडकन २.७ वर जातो, आणि बीएमएस प्रत्येक गटावर वेगळी नजर ठेवत असल्यामुळे सगळी बॅटरी तोडतो. डिस्प्लेसकट अंधार.

ओळखायची खूण चार्जिंगला सापडते. चार्जर पूर्वीपेक्षा लवकर हिरवा होतो, आणि एकूण व्होल्टेज ४२ ला पोचतच नाही. गट एकमेकांपासून दुरावले की कुणीतरी एक आधीच ४.२ च्या वर जातो आणि बीएमएस चार्जिंग थांबवतो, बाकीचे उपाशीच.

सायकल महिनोन्महिने पडून राहिल्याने गट थोडेच दुरावले असतील तर घरच्या घरी एक उपाय करून बघता येतो. चार्जर हिरवा झाल्यावर लगेच न काढता आणखी चार-पाच तास लावून ठेवा. बीएमएस त्या वेळात भरलेल्या गटांतली वीज अगदी बारीक धारेने जाळून बाकीच्यांना वर येऊ देतो. दोन-तीन वेळा करा, दर वेळी तासाभराने व्होल्टेज मोजा. ४०.४, ४०.९, ४१.३ असं चढत गेलं तर बॅटरी वाचली. जागचं हलत नसेल तर तो गट गेला. हे सगळं दिवसा, घरात जागं माणूस असताना करायचं. बॅटरी फुगली असेल, गरम होत असेल, गोडसर रसायनासारखा वास येत असेल तर करायचंच नाही, चार्जरच लावायचा नाही.

दुकानात इथे एक वाक्य ऐकायला मिळतं. 'काका, बीएमएस बायपास करून देतो, परत बंद पडणार नाही.' खरं आहे, पडणार नाही. तो अशक्त गट शून्याच्या खाली खेचला जाईल, उलटा चार्ज होईल, आतून शॉर्ट होईल, आणि एका रात्री चार्जिंगला लावलेला असताना पेट घेईल. काकांनी तिथून उठून सायकल घेऊन निघावं.

चार्जरबद्दलही एवढंच सांगतो: ३६ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टचा, ४८ च्या बॅटरीचा ५४.६ चा. दोघांची पिन कधी कधी सारखीच असते आणि एकमेकांत बसते. घरात दोन सायकली असतील तर चार्जरवर मार्करने मोठ्ठं लिहून ठेवा.

पंक्चर काढल्यानंतर सुरू झालेला त्रास

'परवा मागचं पंक्चर काढलं, तेव्हापासून धक्के देते.' हे ऐकलं की बॅटरी विसरायची. मागच्या चाकाच्या आसातून एक जाड केबल निघते आणि फ्रेमला लागून एका गोल, नऊ पिनांच्या जोडात घुसते. त्यात मोटरच्या तीन जाड वायरी आणि सेन्सरच्या बारीक वायरी एकत्र असतात. पंक्चरवाला चाक काढताना तो ओढतो, परत लावताना जोडावरचे दोन बाण समोरासमोर न आणता दाबतो, आणि एखादी पिन वाकते किंवा जोड अर्धाच बसतो. मोटर सपाटीला चालते, जोर लागला की चाचपडते. जोड सरळ ओढून काढा, पिरगळू नका. पिना बघा, बाण जुळवा, आवाज होईपर्यंत दाबा. कवचावर आत कुठवर जायचं त्याची रेघ असते. चाकाचे नट ढिले राहिले असतील तर आस फिरून केबलच तुटू शकते, म्हणून पान्याने घट्ट करा आणि आस फिरू नये म्हणून असलेली कानाची वॉशर आपल्या जागी आहे ना बघा.

ब्रेकचा मुद्दा छोटा आहे. मुठीत एक स्विच असतो, ब्रेक दाबला की मोटर तुटावी म्हणून. मूठ पूर्ण परत येत नसेल, मध्ये माती बसली असेल, तर सायकलला सतत ब्रेक दाबल्यासारखा वाटतो. मूठ हाताने बाहेर ढकलून बघा, मोटर लागली तर हेच. आणि पेडलजवळची चुंबकाची चकती सेन्सरपासून दूर सरकली असेल तर मदत तुटक येते. अंतर दोन-तीन मिलिमीटर असावं.

दोष नसतानाही

बऱ्याच सायकलींत काहीच बिघडलेलं नसतं. टायरमध्ये हवा कमी, मागची डिस्क पॅडला घासतेय, आणि स्वार गिअर न बदलता, मोटरच्या मदतीची पातळी पाचवर ठेवून, थांबलेल्या सायकलीवर थ्रॉटल पिळून चढ सुरू करतो. हवा टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या मर्यादेत, वरच्या आकड्याच्या जवळ भरा. अंगठ्याने दाबून कळत नाही, पंपाच्या काट्यावर बघा. चाक उचलून हाताने फिरवा, सरसर आवाज न करता फिरलं पाहिजे.

चढाचं तंत्र बहुतेकांच्या मनाच्या उलटं आहे. जोर कमी पडतोय म्हणून मदत वाढवली की करंट वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि कंट्रोलर लवकर तोडतो. बॅटरी अर्ध्याखाली असेल तर चढाआधीच मदत दोन-तीनवर आणा, गिअर हलका करा, पाय भरभर फिरवा, ताशी १२-१४ ने जा. मघाचे ते २१० वॅट आठवा: निम्मे पायांनी दिले तरी मोटरला फारसं काही उरत नाही. हब मोटरला गिअरशी देणंघेणं नसतं, ती चाकातच बसलेली आहे. गिअर तुमच्या पायांसाठी आहेत, आणि पाय फिरत राहिले तरच चाकाचा वेग टिकतो, मोटर तापत नाही. पेडलजवळ बसवलेली मिड-ड्राइव्ह मोटर चेनमधून जोर देते, म्हणून हलक्या गिअरचा फायदा तिलाही होतो. अर्थात तिची किंमतही तशीच.

लांबच्या पल्ल्याचं गणित एकदा करून ठेवा. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २८० वॅट-तास. पेडल मारत गेलात तर किलोमीटरला ८ ते १२ वॅट-तास जातात, नुसत्या थ्रॉटलवर १५ च्या पुढे. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून त्र्यंबकेश्वर २८-३० किलोमीटर, आणि जाताना रस्ता एकंदरीत चढता. जाणं होईल, परतीला तिथे चार्जिंगची सोय पाहून ठेवा. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका जोडीने पूर्ण केली ती नुसत्या पायांवर. आपल्याला निदान पेगलवाडी फाट्यापर्यंत पेडल मारायला हरकत नसावी.

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की सकाळच्या फेरीला हा त्रास आपोआप वाढतो. थंडीत सेलचा आतला रोध वाढतो. बॅटरी रात्री घरात ठेवा, निघताना सायकलला लावा, पहिले दोन किलोमीटर हळू जा. दुपारी तीच सायकल नीट चालत असेल तर काही बदलायची गरज नाही. मे महिन्यात उलट काळजी: उन्हात उभ्या सायकलवर बॅटरी ठेवू नका, आणि चढ चढून आल्याबरोबर चार्जरला लावू नका, अर्धा तास निवू द्या. पावसाळ्यात सर्व्हिसिंगच्या जोरदार पाण्याच्या फवाऱ्यापासून सायकल लांब ठेवा. पावसात न शिरणारं पाणी त्या फवाऱ्याने कंट्रोलरच्या डबीत शिरतं.

दुकानात जाताना

वर सांगितलेलं सगळं करून बॅटरीच दोषी ठरली, तर तसं आकड्यांसकट सांगा: 'पूर्ण चार्जनंतर तासाभराने ४०.३, चढावर ३३ पर्यंत पडते, जोड साफ आहेत.' असा ग्राहक आला की दुकानदाराचा सूर बदलतो. वॉरंटी शिल्लक असेल तर बॅटरीचा पॅक स्वतः उघडू नका, सील तुटलं की हक्क गेला. वॉरंटी संपली असेल तर आधी पॅक उघडून दहाही गटांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजून कागदावर लिहून मागा. एकच गट गेला असेल आणि बाकी नऊ सारखे असतील तर काही जण तेवढाच बदलून देतात. पण जुन्या नऊंमध्ये एक नवा गट फार काळ जुळवून घेत नाही, म्हणून तीन-चार वर्षं वापरलेल्या पॅकला हा खर्च मी करणार नाही. सगळे सेल नवे टाकून घ्यायचे तर सेलचा मेक, क्षमता आणि बीएमएसची करंट मर्यादा बिलावर लिहून घ्या. ती मर्यादा कंट्रोलरच्या १५ अँपिअरपेक्षा वर, निदान २० असावी, नाहीतर नव्या कोऱ्या बॅटरीवर चढाला तोच अंधार पुन्हा पडेल. जुना पॅक घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा विक्रेत्याकडेच द्या. देण्याआधी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा.